सव्वा, पण कशाचा?

सत्यनारायणाच्या प्रसादाला पाच जिन्नस सव्वा प्रमाणात घ्यायचे असतात: रवा, साखर, तूप, दूध आणि केळी. कथेत हे ‘सव्वा’ स्पष्ट आहे. कथेतले गव्हाचे पीठ, म्हणजे आजचा रवा, नसेल तर तांदळाचे चालेल, साखर नसेल तर गूळ चालेल, अशी सवलतही तिथे आहे. मात्र सव्वा कशाचा, हे कथा सांगत नाही. शेराचे नाव नाही, पायलीचे नाही, तोलाचेही नाही. संख्या दिली आहे आणि तिचे एकक मोकळे सोडले आहे.

या मोकळ्या जागेचा पेच नाशिकच्या गंगापूर रोडसारख्या वस्तीत नेमका दिसतो. अशोकस्तंभापासून निघून आनंदवल्ली, सोमेश्वर करत गंगापूर गावाकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गेल्या काही दशकांत सोसायट्या उभ्या राहिल्या. नवीन घर म्हटले की वास्तुशांत आणि तिच्या जोडीला सत्यनारायण आलाच. गुरुजींच्या यादीत ‘सव्वा किलो रवा’ असते. वाणी किलोवर देतो. दूध लिटरवर येते. स्वयंपाकघरात मात्र वाटीचे राज्य. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचे प्रमाण छापील पाककृतीत रूढ केले, पण ते घरोघरी आधीपासूनच होते. त्यामुळे एकच प्रसाद यादीत वजनाने, पिशवीत काही वजनाने तर काही आकारमानाने आणि कढईत वाटीने असा तीन वेळा मोजला जातो. या तिन्ही मोजण्या एकच गोष्ट सांगतात का, हा प्रश्न वरवर स्वयंपाकाचा वाटतो. पण विधी पाळला गेला की नाही, हे त्याच्यावर ठरत असेल तर तो धर्माचाही होतो, आणि ‘तेवढेच’ म्हणजे नेमके काय असे विचारले की तत्त्वज्ञानाचा.

आधी हिशेब पाहू. वाटी २०० मिलिलिटरची धरली तर तिच्यात पाणी २०० ग्रॅम मावते, दूध त्याहून किंचित जास्त म्हणजे २०६ ग्रॅमच्या आसपास, पातळ तूप सुमारे १८०, साखर सुमारे १७० आणि बारीक रवा सुमारे १४० ग्रॅम. आता सर्व जिन्नस सव्वा किलो तोलून घेतले आणि मग वाटीने मोजले, तर रवा जवळजवळ नऊ वाट्या भरतो, साखर सव्वासातच्या थोडी वर, तूप सात आणि दूध सहा. उलट, सगळे एकाच वाटीने सारखे घेतले, तर दर १०० ग्रॅम रव्यामागे साखर १२० ग्रॅमच्या पुढे जाते, तूप १३० च्या घरात आणि दूध १४७ पर्यंत. तोलाचा शिरा मोकळा आणि बेताचा गोड होतो, वाटीचा जास्त गोड आणि तुपाळ. दोन्ही घरांत ‘सगळे सव्वा’ घेतलेले असते आणि दोन्ही घरे खरे बोलत असतात. सरावलेल्या हाताला हेही ठाऊक असते की रव्याइतकेच दूध घेतले तर रवा पुरता फुलत नाही, म्हणून दूध किंवा पाणी वरून वाढवले जाते. बरोबरीचा नियम इथे आधीच थोडा सैल केलेला असतो, आणि त्याबद्दल कुणी प्रायश्चित्त घेत नाही.

तोल आणि माप यांची ही ओढाताण नवी नाही. महाराष्ट्रात धान्य मोजायचे ते मापानेच. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर अशी चढत जाणारी, दर पायरीला दुप्पट होणारी भांडी होती. चार शेरांची पायली, त्यापुढे मण आणि वीस मणांची खंडी. मणाच्या पायल्या किती, हे मात्र मुलुखानुसार बदलायचे, कुठे बारा तर कुठे सोळा. तोलाचा शेर वेगळा होता: ८० तोळ्यांचा, आजच्या हिशेबाने ९३३ ग्रॅम. एकाच नावाचे एक भांडे आणि एक वजन, दोन्ही बाजारात नांदत होते. मापी शेर की वजनी, हे मालावरून ओळखायचे.

 मापात आणखी एक गोष्ट येते, ती शिगेची. भांडे काठाशी सपाट करून मोजायचे की वर धान्याचा डोंगर उभा राहील इतके भरायचे, यात मोठा फरक पडतो. घेणाऱ्याला शिगेचे माप हवे असते, देणाऱ्याला सपाट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मापे वाळलेल्या कठीण लाकडाची करावीत, शीग चतुर्थांश धरावी किंवा ती भांड्याच्या आतच सामावून घ्यावी, असे सांगितले आहे. माप आणि वर पाव भागाची शीग म्हणजे सव्वा, असा दुवा इथे जोडण्याचा मोह होतो. त्याला आधार काही नाही, तेव्हा तो मोह टाळलेला बरा.

विधींमध्ये भांड्याचे माप तराजूपेक्षा कितीतरी जास्त वेळा भेटते. नवी सून उंबऱ्यावर तांदळाने भरलेले माप उजव्या पायाने लवंडून घरात येते. ओटी ओंजळीने भरतात. वैदिक यज्ञांपैकी दर्शपूर्णमास इष्टीत पुरोडाश या आहुतीच्या रोटीसाठी धान्य चार मुठी घ्यायचे असते, वाजपेयात नीवाराचा चरू सतरा शरावांचा असतो आणि शराव म्हणजे मातीचे पसरट भांडे. मूठ, ओंजळ, शराव, माप ही सगळी आकारमानाची एकके. याचे कारण केवळ तराजू दुर्मीळ होते एवढेच नसावे. भांड्याला काठ असतो, म्हणून ते ‘भरते’. पूर्णपणा त्याच्या घडणीतच असतो आणि तो डोळ्यांना दिसतो. तराजूला असा काठ नाही. कोणतेही वजन त्याच्यापुरते पूर्ण नसते, ते फक्त दुसऱ्या कशाच्या तरी बरोबरीचे असते. म्हणूनच जिथे विधीला भरलेपण हवे तिथे माप येते आणि जिथे बरोबरी हवी तिथे तराजू. तुळादान हे दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण. १६६५ मध्ये महाबळेश्वरी जिजाबाईंची तुळा झाली, १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर शिवाजी महाराजांची. नवस फेडण्यासाठी गुळाची किंवा पेढ्यांची तुळा करतात ती याच वळणाची. दान माणसाच्या बदल्यात द्यायचे आहे, तेव्हा दोन पारडी लागतातच. माणूस काही पायलीने मोजता येत नाही.

हा भेद शास्त्राच्या भाषेत सर्वांत नेटका मांडला तो वैशेषिक दर्शनाच्या पंडितांनी. त्यांच्या मते द्रव्याला जे गुण असतात त्यांत परिमाण, म्हणजे आकाराचे लहानमोठेपण, हा एक गुण आणि गुरुत्व, म्हणजे जडपणा, हा अगदी वेगळा गुण. या दर्शनाचा प्रवर्तक कणाद याच्या सूत्रांत गुणांची जी यादी आहे तिच्यात १७ गुण आहेत. परिमाण त्यात आहे, गुरुत्व नाही, जरी पतनाचे कारण म्हणून त्याचा उल्लेख त्याच सूत्रांत पुढे येतो. यादी २४ पर्यंत नेली भाष्यकार प्रशस्तपादाने, आणि त्याने भर घातलेल्या सात गुणांत गुरुत्व आहे. आकार आधी नोंदला गेला आणि वजन मागाहून, याचे नवल वाटायला नको. परिमाण डोळ्यांनी दिसते, हातांनी चाचपता येते. गुरुत्व प्रशस्तपादाच्या मते अतींद्रिय आहे. ते दिसत नाही, वस्तू खाली पडते त्यावरून त्याचे अनुमान होते. तराजूचे पारडे खाली जाते तेव्हा दिसते ते पारड्याचे जाणे. वजन मागे राहते, कारण म्हणून. वजन हेच खरे आणि वाटी म्हणजे अंदाज, असे आज सहज म्हटले जाते. या मताप्रमाणे प्रत्यक्ष ज्ञान वाटीचे आहे आणि तोल हे अनुमान आहे. अनुमान प्रत्यक्षाहून बिनचूक असू शकते, ही गोष्ट निराळी.

गुरुत्व पृथ्वी आणि जल या दोनच द्रव्यांत असते, तेज आणि वायूत नाही, असेही हे दर्शन मानते. भौतिकशास्त्राने ते मत मागे टाकले. पण परिमाणाच्या कारणांविषयी वैशेषिकांनी जे सांगितले ते आजही कणकेच्या डब्याला तंतोतंत लागू पडते. मोठे परिमाण तीन कारणांनी उत्पन्न होते: अवयवांच्या संख्येने, अवयवांच्या स्वतःच्या परिमाणाने आणि ‘प्रचया’ने. प्रचय म्हणजे सैल संयोग. उदाहरण कापसाचे दिले आहे. दोन कापसाचे पुंजके हलकेच एकत्र आले की होणारा पिंड मोठा असतो. तेच पुंजके घट्ट दाबले की पिंड लहान. तंतू तितकेच, तंतूंची जाडी तितकीच, तरी आकार वेगळा, कारण अवयव एकमेकांना कसे लागून आहेत हेही आकाराचे एक कारण आहे.

वजन आणि वाटी यांची अदलाबदल एकाच ठरावीक आकड्याने का होत नाही, याचे उत्तर इथे आहे. चमच्याने अलगद भरलेल्या वाटीत कणीक १०५ ग्रॅमच्या आसपास मावते. तीच वाटी डब्यात खुपसून काढली, ओट्यावर दोनदा आपटली, तर १३० ग्रॅमच्याही वर जाते. पिठाचा एक कणही बदललेला नसतो, प्रचय बदललेला असतो. पाणी, दूध, तेल यांच्यात असा सैलपणा नाही, म्हणून त्यांच्या घनतेचा आकडा एकदा कळला की काम भागते, तापमानाने पडणारा थोडा फरक सोडला तर. साखर आणि तांदूळ दाणेदार, त्यांच्यात फरक बेताचा. रवा त्यापुढे, कणीक आणि बेसन सर्वांत अवघड, आणि किसलेल्या गुळाबद्दल तर न बोललेले बरे. तेव्हा ‘एक वाटी कणीक म्हणजे किती ग्रॅम’ या प्रश्नात तिसरी गोष्ट दडलेली असते: कुणी भरली? वजन द्रव्याचे असते. आकारमानात द्रव्याबरोबर भरणाऱ्याचा हातही मोजला जातो.

वजनाच्या बाजूनेही या दर्शनांत एक वाद झाला, तोही प्रत्यक्ष तराजू पुढे करून. न्याय-वैशेषिक मताने कापड हे धाग्यांहून वेगळे, नवे द्रव्य आहे, अवयवांहून अवयवी निराळा. विरोधकांनी विचारले: मग धाग्यांचे वजन आणि वर कापडाचे स्वतःचे वजन मिळून पारडे जास्त खाली का जात नाही? उद्द्योतकराने न्यायवार्तिकात हा आक्षेप घेऊन त्याची चर्चा केली आहे. न्यायपक्षाच्या उत्तरांत फरक तराजूला कळण्याजोगा नसतो, असा मुद्दा येतो. उत्तर पटण्यासारखे नाही, पण आक्षेप मोलाचा आहे. रवा, साखर, तूप, दूध एकत्र होऊन शिरा हे नवे द्रव्य झाले असे म्हणावे, तर वजन बेरजेइतकेच भरते (वाफ उडते तेवढे कमी), आकारमान मात्र बेरजेइतके कधीच नसते. रवा कोरडा असताना एका मापाचा, फुलल्यावर दुसऱ्याच. वजन बेरजेचा नियम पाळते आणि आकारमान पाळत नाही. तोलाला पुढे जी प्रतिष्ठा आली ती याच्याच बळावर.

मापाला तोलाने बांधण्याची युक्तीही जुनीच. अर्थशास्त्रात द्रोण हे धान्याचे माप उडदाच्या वजनावरून ठरवले आहे: राजाच्या उत्पन्नाचा द्रोण २०० पलांचा, व्यवहाराचा शंभरावर साडेसत्त्याऐंशी, म्हणजे १८७.५ पलांचा. भांडे किती मोठे, हे एका ठरावीक धान्याच्या तोलाने सांगितले, की कुठेही तसेच भांडे पुन्हा घडवता येते. उडीदच घेतला ते शहाणपणाचे, कारण गोल, गुळगुळीत दाण्यात प्रचयाचा गोंधळ कमी. आयुर्वेदात कुडव, प्रस्थ ही नावे तोलाला आणि मापाला दोन्हीकडे चालत आली आणि तिथे एक वेगळाच नियम निघाला. प्रस्थापासून वरच्या मानात द्रव आणि ओल्या वनस्पती सांगितल्याच्या दुप्पट घ्याव्यात, त्याला द्रवद्वैगुण्य म्हणतात. शार्ङ्गधरसंहितेच्या मानपरिभाषेत तो येतो. कोरड्याचे मान आणि ओल्याचे मान एका नावाखाली ठेवायचे, तर असा तोडगा काढावाच लागतो.

इतर धर्मांत हाच पेच जास्त कडक होतो, कारण तिथे विधीचे एकक नावानिशी दिलेले आहे. ईदच्या नमाजाआधी द्यायचा फित्रा ‘साअ’ने मोजतात. साअ म्हणजे चार मुद्द, आणि मुद्द म्हणजे मध्यम हातांच्या माणसाची भरली ओंजळ. हनफी मतात गहू अर्धा साअ. भारतातल्या उलेमांनी तो ८० तोळ्यांच्या पावणेदोन शेरांवर आणला, म्हणून दर रमजानात १ किलो ६३३ ग्रॅम हा आकडा दिसतो. ओंजळीची जागा तीन दशांशांनी घेतली. गव्हाच्या जाती, दाण्याचा ओलावा, ओंजळीचा घेर हे सगळे त्या आकड्याच्या पाठीमागे झाकले गेले आहे. त्यामुळेच अनेक जण त्यावर थोडी भर घालून देतात. ज्यू धर्मात, आणि कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल लोकांचा धर्म तोच, पीठ मळताना त्यातला काही भाग वेगळा काढण्याचे बंधन ठरावीक आकारमानापासून सुरू होते. ४३ पूर्णांक एकपंचमांश अंड्यांच्या आकारमानाइतके पीठ ही ती मर्यादा. आजच्या वजनात ती सांगताना आकडा सव्वा किलोपासून पावणेदोन किलोंच्या जवळपास हिंडतो, कारण अंडे केवढे आणि पीठ किती दाबलेले, यावर मते वेगळी. बाराव्या शतकात ज्यू धर्मपंडित मैमोनिडीझने कैरोत बसून ही मर्यादा तोलात सांगितली, ती तिथल्या पिठाच्या आधाराने.

लबाडीच्या बाबतीत मात्र कोणताही धर्म तोल आणि माप यांत डावेउजवे करत नाही. लेवीय ग्रंथ खरा तराजू, खरी वजने, खरी एफा आणि खरा हिन (ही दोन मापे), ही सगळी एका दमात सांगतो, कुराणाच्या ८३ व्या अध्यायात मापून देताना आणि तोलून देताना कमी देणाऱ्यांचा धिक्कार आहे आणि मनुस्मृती राजाला सांगते की तराजू व मापे दर सहा महिन्यांनी तपासावीत. आज ते काम वैधमापनशास्त्र यंत्रणा करते, २००९ च्या कायद्याने.

युरोपात हा झगडा पदार्थाच्या व्याख्येपर्यंत गेला. देकार्तने १६४४ मध्ये विस्तार, म्हणजे जागा व्यापणे, हेच पदार्थाचे सार मानले. जडपणा त्याच्या लेखी सारभूत नव्हता. ते खरे असते तर वाटी हेच अंतिम प्रमाण ठरले असते. न्यूटनने १६८७ मध्ये पदार्थाची राशी घनता आणि आकारमान यांच्या गुणाकाराने सांगितली. घनता स्वतः राशीवरूनच ठरते, म्हणून ही व्याख्या गोल फिरते, असा आक्षेप पुढे भौतिकशास्त्रज्ञ माखने घेतला. फ्रेंच क्रांतीच्या काळातल्या मेट्रिक पद्धतीने दोन्ही टोके पाण्यात बांधली: एक घनसेंटिमीटर पाण्याचे वजन तो ग्रॅम. याची सोय नाशिकच्या गंगापूर धरणाच्या साठ्यात दिसते. तो दलघफूत, म्हणजे दशलक्ष घनफुटांत सांगतात. एक दलघफू म्हणजे सुमारे २.८३ कोटी लिटर, आणि टनांत हवे असतील तर निराळा हिशेब करावाच लागत नाही, २८,३०० टन. पाणी सोडून ही सोय दुसऱ्या कशालाच नाही. २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर ठरतो; पाण्याशी त्याचे ते नाते त्याच्या कितीतरी आधीच फक्त व्यवहारापुरते उरले होते.

भारतात १९५६ चा कायदा झाला, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि लिटर आले, आणि पायली-शेर कागदावरून गेले. पेच मिटला असे मात्र नाही. गोड्या तेलाची ‘एक लिटर’ची पिशवी म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. तेल तापले की फुगते, म्हणून कोणत्या तापमानाला एक लिटर, यात कंपन्यांना खेळायला जागा होती. २०२२ मध्ये केंद्र सरकारने सांगितले की तापमानाचा उल्लेख न करता आकारमान छापावे आणि सोबत वजनही द्यावे. पाकिटावर दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात ते याच पेचामुळे.

आता मूळ प्रश्न. कथेने एकक सांगितले नाही, ते विसरून राहिले असे मानायचे कारण नाही. शेर, प्रस्थ, द्रोण ही नावे मुलुखानुसार बदलतात हे सर्वांना ठाऊक होते. नियम गुणोत्तराचा आहे: एका पूर्ण मापावर पाव भाग अधिक, आणि सर्व जिन्नसांना तेच प्रमाण. एकक लोकव्यवहारावर सोपवलेले आहे. तेव्हा सव्वा किलो, सव्वा पाव, सव्वा वाटी या तिन्हींत विधी सारखाच पाळला जातो. चूक होते ती मिसळण्याने. रवा सव्वा किलो तोलून आणि तूप सव्वा लिटर मापून घेतले, तर ‘तेच प्रमाण’ राहत नाही. निम्मे गुरुत्वाने आणि निम्मे परिमाणाने मोजलेले असते. यादी किलोची असेल तर दूधही तोलावे, सव्वा किलो दूध म्हणजे १.२ लिटरच्या किंचित वर. वाटी घेतली तर एकच वाटी शेवटपर्यंत ठेवावी आणि एकाच हाताने, एकाच पद्धतीने भरावी. चवीने पाहिले तर तोलाचा शिरा उजवा वाटतो, पण चव हा इथे निकष नाही.

राहिली केळी. त्यांना तोलही नीट लागू होत नाही, कारण सालीसकट की सोलून हा प्रश्न लगेच उभा राहतो. मापाचे तर नावच नको. केळी मोजली जातात संख्येने, आणि संख्या हा वैशेषिकांच्या यादीत परिमाण आणि गुरुत्व यांच्याहून स्वतंत्र असा तिसराच गुण आहे. डझनावर घेतली तर सव्वा म्हणजे नेमकी १५ केळी, कुठेही चाकू लावावा लागत नाही. मोठ्या दुकानांत ती किलोवर मिळतात, तिथे सव्वा किलोत लहानमोठेपणानुसार कधी सात येतात, कधी दहा.